थिअरी, मिशेरी आणि निरोध : फिल्डवरच्या कार्यकर्त्यांना वर्तनशास्त्र शिकवावं कसं?

तिकटीवरची (धागाकर्ती), सोमवार, रात्री १०:४२

गेल्या आठवड्यात कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका हॉलवर दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. समोर २६ जण. एचआयव्ही आणि गुप्तरोग प्रतिबंधाच्या प्रकल्पांतले ओआरडब्ल्यू (आउटरीच वर्कर, म्हणजे वस्तीत फिरणारे कार्यकर्ते), पिअर आणि तीन काउन्सेलर. पत्रकावर विषय छापला होता 'वर्तनबदलाचे सिद्धांत'. पहिला दिवस सपशेल आपटला, दुसरा बरा गेला. पुढच्या महिन्यात इचलकरंजीत दुसरी बॅच आहे, म्हणून हे लिहून काढतेय. तुमची डोकी हवी आहेत.

या कामाशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात : पिअर म्हणजे त्याच वस्तीतली, बहुतेकदा तोच धंदा करणारी किंवा केलेली बाई. तृतीयपंथी आणि एमएसएम (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) गटात तिथलाच माणूस. साधारण ६० जणींमागे एक पिअर, आणि तिच्यावर ओआरडब्ल्यू. निरोध देणं, तपासणीला नेणं, औषध सुटलं तर घरी जाऊन विचारणं हे सगळं यांच्या पायावर चालतं. तावडे हॉटेलपासून कागलपर्यंत हायवेला जे ट्रकवाल्यांशी बोलत उभे असतात तेही यातलेच.

पहिला दिवस. माझ्याकडे एका इंग्रजी मॅन्युअलवरून उतरवलेल्या ७४ स्लाइड. 'अनुभूत संवेदनक्षमता', 'अनुभूत तीव्रता', 'स्व-कार्यक्षमता'. मी बाण दाखवतेय, चौकोन दाखवतेय. चहानंतर मागच्या रांगेतल्या एका मावशींनी हात वर केला. मला वाटलं, चला, शंका आली. मावशी म्हणाल्या, "मॅडम, हे परीक्षेला हाय का?"

संध्याकाळी रंकाळ्यावर कणीस खात बसले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. ज्या बायका रोज रात्री दारू प्यालेल्या गिऱ्हाइकाचं मन वळवतात त्यांना मी मन वळवण्याची व्याख्या लिहून घ्यायला लावत होते.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर लावलाच नाही. विचारलं, मिशेरी, तंबाखू, मावा, यातलं काही कोण कोण घेतं? आधी सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग १७ हात वर. पुडीवरचं चित्र बघितलंय? सगळ्यांनी. कॅन्सर होतो हे माहीत आहे? सगळ्यांना, वर हे दुसऱ्यांना समजावून सांगतातही. मग का घेता? इथून पुढे मला बोलायची गरजच उरली नाही. फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहीत गेले :

"माझी आजी मिशेरी लावून नव्वदीला गेली." "लावल्याबिगर सकाळी परसाकडला होत न्हाई." "सासू पण लावती." "पोटुशी असताना सोडली होती, बाळंत झाल्यावर परत लागली." "सोडीन की, पण दिवाळी झाल्यावर." "हात थरथरतोय सोडली की."

मग एकेका वाक्याभोवती रंगीत खडूनं गोल केला. आजी नव्वदीला गेली, म्हणजे 'मला होणार नाही'. परसाकडला, म्हणजे सवयीतून मिळणारा फायदा. सासू, म्हणजे आजूबाजूच्यांचा रेटा. पोटुशी असताना सोडली, म्हणजे 'जमतं' याचा पुरावा. दिवाळीनंतर, म्हणजे विचार चालू आहे, पाऊल पडलेलं नाही. स्लाइडवरचे निम्मे चौकोन अर्ध्या तासात फळ्यावर आले. त्यानंतर मिशेरी पुसून तिथं निरोध लिहिलं आणि म्हटलं, आता आपल्या वस्तीतल्या बाईची वाक्यं सांगा.

जेवायची वेळ झाली तरी कुणी उठेना.

माझा प्रश्न असा. हे बरं गेलं म्हणजे नेमकं काय झालं? थिअरी शिकवली गेली, की फक्त गप्पा रंगल्या? सहा महिन्यांनी त्या मावशींच्या कामात फरक दिसेल का, आणि दिसला तर तो कशात दिसायला हवा?

---

शिवाजीपेठी, सोमवार, रात्री ११:०५

नाद खुळा! मिशेरीवरून निरोधला नेलं म्हणजे गंगावेशीतून गेलात आणि थेट पन्हाळ्याला निघालात. वाचतोय. माझी आई हे वाचणार नाही याची खात्री आहे, नाहीतर 'आजी नव्वदीला गेली' हा मुद्दा तिला आयता मिळेल.

---

जुना_फिल्डवाला, सोमवार, रात्री ११:५०

मी २००४ ते २०१२ सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ओआरडब्ल्यू होतो. आता शेती करतो, त्यामुळे मोकळेपणानं बोलतो.

ताई, तुमचा दुसरा दिवस वाचून आनंद झाला, पण तुम्ही चुकीच्या लोकांना शिकवताय. पिअरला माणूस कळतो. तिला कळलेलं वापरायला वेळ मिळत नाही. आमच्या वेळी महिन्याच्या शेवटी एकच प्रश्न असायचा : किती भेटी, किती डेमो, किती निरोध? एका बाईशी दीड तास बसून तिच्या मनातली अढी काढली तर रजिस्टरला ती एक भेट. चाळीस दारांत पाकिटं टाकून पळत आलो तर चाळीस भेटी. मग कुठली थिअरी चालणार? बक्षीस ज्याला मिळतं ते वर्तन वाढतं, हीसुद्धा थिअरीच ना?

एका महिन्याला माझ्या एका पिअरचे आकडे फार कमी आले. आढाव्यात तिला उभं करून झापलं. नंतर कळलं, ती सलग चार दिवस एकाच पोरीला घेऊन दवाखान्याच्या खेपा घालत होती. त्या रकान्यात लिहायला जागाच नव्हती.

आधी प्रोजेक्ट मॅनेजरला आणि वरून तपासायला येणाऱ्याला बसवा तुमच्या मिशेरीच्या वर्गात.

---

चष्मिष्ट_मास्तर, मंगळवार, सकाळी ७:२०

मानसशास्त्र शिकवतो, म्हणून नाक खुपसतो. धागा आवडला. दोन दुरुस्त्या आणि एक गोष्ट.

दुरुस्ती एक. 'सासू पण लावती' आणि 'सासूला काय वाटेल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिशबाइन आणि आयझेन यांनी १९७५ मध्ये मांडलं ते दुसरं : माझ्या महत्त्वाच्या माणसांना मी काय करावंसं वाटतं, आणि त्यांचं ऐकायची मला किती ओढ आहे. आजूबाजूचे प्रत्यक्षात काय करतात हा दबाव निराळा. हा फरक फिल्डवर कामाचा आहे. 'गल्लीतल्या सगळ्याजणी वापरतात' हे बाईला पटलं तरी 'घरवाली (म्हणजे कोठा चालवणारी) चिडेल' हे तसंच राहतं. पहिल्यासाठी बायकांना एकत्र बसवावं लागतं. दुसऱ्यासाठी घरवालीशीच बोलावं लागतं.

दुरुस्ती दोन. 'दिवाळीनंतर सोडीन' हा टप्प्यांचा सिद्धांत, प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे. १९८३ चा त्यांचा गाजलेला अभ्यास सिगारेट सोडणाऱ्यांवरचा, त्यामुळे तुमची मिशेरी अगदी घरचीच. पण टप्पे म्हणजे जिन्याच्या पायऱ्या असं शिकवू नका. माणसं मधल्या पायऱ्या गाळून उडी मारतात, एका रात्रीत सोडतात, परत धरतात. २००५ मध्ये रॉबर्ट वेस्ट या व्यसन-संशोधकांनी तर या सिद्धांताला आता निरोप द्या असंच लिहिलं होतं. मी तितका कडक नाही. कार्यकर्त्याला 'ही अजून ऐकायच्या मनःस्थितीत नाही, आज भाषण नको' एवढं कळलं तरी पुष्कळ. फक्त बायकांवर 'टप्पा २' असा शिक्का मारून फाइल बंद होऊ नये.

आता गोष्ट. तुमच्या 'अनुभूत' चौकोनांचा उगम क्षयरोगात आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं छातीच्या एक्स-रेच्या गाड्या दारोदार फिरवल्या. फुकट, तरी लोक येईनात. का येत नाहीत हे शोधायला हॉखबाम, रोझेनस्टॉक वगैरे मंडळी बसली आणि त्यातून हे आरोग्य-समजुतींचं प्रारूप निघालं. एक्स-रे एकदा काढायचा, एकट्यानं काढायचा, गाडीत चढलं की काम झालं. म्हणून त्या मूळ चौकटीत 'मला जमेल का' हा चौकोनच नव्हता. तो रोझेनस्टॉक यांनी सहकाऱ्यांसोबत १९८८ मध्ये जोडला, कारण रोज करायच्या गोष्टींना जुनी चौकट पुरेना. निरोध रोजचा आहे, आणि त्यात दुसरा माणूस आहे! एका माणसाच्या डोक्याचा नकाशा घेऊन दोघांच्या खोलीत शिरलं की वाट चुकणारच.

---

शिवाजीपेठी, मंगळवार, सकाळी ९:१२

मास्तर, एवढ्या सकाळी एवढं? चहा तरी घेतला होता का.

---

चष्मिष्ट_मास्तर, मंगळवार, सकाळी ९:३०

दोन कप. आणि 'मला जमेल' याचे जनक बांडुरा विसरलोच. १९७७. सापाला प्रचंड घाबरणाऱ्या लोकांवर त्यांनी प्रयोग केले. नुसतं समजावून सांगणं, दुसऱ्यानं साप हाताळलेला बघणं, आणि स्वतः टप्प्याटप्प्यानं साप हातात घेणं, यात स्वतः घेणं सर्वांत प्रभावी ठरलं. म्हणून शंभर वेळा 'तू बोल गं त्याच्याशी' म्हणण्यापेक्षा एकदा नाटक करून बोलायला लावलेलं बरं.

---

कृष्णाकाठ, मंगळवार, सकाळी १०:०२

बत्तीस शिराळ्याची माणसं घेतली असती तर ती थिअरी निघालीच नसती :)

---

सभ्य_नागरिक, मंगळवार, सकाळी ११:१५

क्षमस्व, पण सार्वजनिक व्यासपीठावर असल्या चर्चेची काय गरज? संयम शिकवा, संस्कार शिकवा. निरोध कसा वापरायचा हे शिकवण्यात सरकारचा पैसा का घालवायचा?

---

कृष्णाकाठ, मंगळवार, सकाळी ११:४०

हाच प्रश्न र. धों. कर्व्यांना विचारला जायचा. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले अंगावर घेतले. शंभर वर्षं झाली, प्रश्न तोच. संयमाचा उपदेश ट्रकच्या केबिनमध्ये करून बघा एकदा, कळवा काय होतं ते. बाकीच्यांना विनंती, धागा तिकडं नेऊ नका.

---

केसपेपर, मंगळवार, दुपारी २:१८

मी एका तपासणी केंद्रात काउन्सेलर आहे. केंद्राचं नाव लिहीत नाही.

मला जी थिअरी रोज उपयोगी पडते ती भीतीविषयीची. माझ्या उमेदीच्या काळात पोस्टरवर कवटी आणि हाडं असायची, 'एड्स म्हणजे मृत्यू'. लोक घाबरले, हे खरंच. पण घाबरलेला माणूस तपासणीला येत नाही, तो विषय टाळतो. आला तर निकाल न घेता पळतो. मास्तरांनी सांगितलेल्या मंडळींतच लेव्हेंथाल होते. त्यांचा येल विद्यापीठातला १९६५ चा धनुर्वाताच्या लसीचा अभ्यास मी प्रत्येक नव्या ओआरडब्ल्यूला सांगते. विद्यार्थ्यांना धनुर्वाताबद्दल पुस्तिका दिल्या, काहींना भयंकर चित्रांच्या, काहींना सौम्य. भयंकरवाल्यांना भीती जास्त वाटली, लस घ्यायला हवी हेही जास्त पटलं. पण प्रत्यक्ष लस घ्यायला गेले ३ टक्क्यांच्या आसपास. ज्यांना सोबत आरोग्य केंद्र कुठं आहे त्याचा नकाशा दिला आणि आठवड्यात तू कधी जाशील ते ठरवायला लावलं त्यांच्यातले गेले सुमारे २८ टक्के. ते केंद्र त्यांच्याच आवारात होतं, सगळ्यांना माहीत होतं, तरीही!

हे वाचल्यापासून मी 'सीपीआरला (इथल्या सरकारी दवाखान्यात) जाऊन तपासून घ्या' हे वाक्य बंद केलं. पिअरला सांगते, तिला विचार : आठवड्यातला तुझा मोकळा दिवस कुठला? कुठल्या गेटनं आत शिरशील? केसपेपरच्या रांगेत उभं राहिल्यावर काय झालंय विचारलं तर काय सांगशील? पोरगं कुणाकडं ठेवशील? परतीची बस कितीची? पाच प्रश्नांची उत्तरं बाईच्या तोंडून आली की ती येते. सगळ्याच येतात असं नाही. पण 'येते की बघून' म्हणणाऱ्यांपेक्षा खूप जास्त येतात, हा माझा अनुभव.

आणि आता भीतीचं कारणही बदललंय. २००४ पासून औषधं मोफत आहेत. नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू सापडणार नाही इतका खाली गेला तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे सांगितल्यावर समोरच्या माणसाचे खांदे खाली येतात, डोळ्यांनी दिसतं. तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल परस्पर कुणाला सांगता येत नाही, हे २०१७ च्या कायद्यात आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तो कायदा थिअरीच्या तासालाच शिकवा, कारण 'बोभाटा होईल' हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा अडथळा आहे. रोगाच्या भीतीपेक्षाही मोठा.

---

दादर_टीटी, मंगळवार, दुपारी ३:४४

मुंबईकरांना २००२ च्या एड्स-जागृती मोहिमेतला बलबीर पाशा आठवत असेल. होर्डिंगवर एवढंच, 'बलबीर पाशाला एड्स होईल का?' लोकलमध्ये लोक एकमेकांना विचारायचे हा बलबीर कोण म्हणून. 'मी तर फक्त तिच्याकडेच जातो, मला काय होतंय' हा गैरसमज त्या मोहिमेनं थेट पकडला होता. म्हणजे 'आजी नव्वदीला गेली' वालाच चौकोन. पण त्यावर टीकाही झाली, की यातून रोगाचं खापर पुन्हा बाईवरच फुटतं.

---

कोयता_टोळी, मंगळवार, सायंकाळी ६:३०

वेगळा मुद्दा मांडतो. मी ऊसतोड कामगारांच्या तळांवर जातो. कारखाने सुरू झाले की बीडकडून टोळ्या येतात, सहा महिने कोप्यांत राहतात. इथं 'निर्णय घेणारी व्यक्ती' सापडतच नाही. उचल (मुकादमाकडून आगाऊ पैसे) नवऱ्यानं घेतलेली, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, फडात जायची वेळ मुकादम ठरवणार. पहाटे बाहेर, परत यायला अंधार. दवाखाना उघडा असतो तेव्हा ती उसात. अंगावरून पांढरं जातंय, खाज आहे, सगळं सांगते, लाजत नाही. औषध मिळालं तर खाते. नवऱ्यानं घेतलं का? नाही, त्याला काही होत नाही म्हणे. पुढच्या महिन्यात परत तेच. जोडीदाराचे उपचार झाले नाहीत तर हे चक्र थांबायचं कसं?

इथं तिच्या डोक्यातल्या समजुती बदलून काय साधणार? आम्ही मुकादमाला धरला. एका तळावर तो तयार झाला आणि रविवारी सकाळी नवऱ्यांनाच तपासणीला बसवलं. दुसऱ्या तळावर त्यानं हाकलून लावलं. थिअरीत मुकादमाचा चौकोन कुठं बसतो?

---

चष्मिष्ट_मास्तर, मंगळवार, रात्री ८:०५

त्याला जवळची थिअरी आहे : समाजात ज्यांचा शब्द चालतो त्यांना हाताशी धरा, बाकीचे मागून येतात. अमेरिकेत जेफ्री केली यांनी लहान शहरांतल्या गे बारमध्ये तसं करून दाखवलं, १९९१ चा निबंध आहे. मग तेच पाच देशांत करून बघितलं. चीन, भारत, पेरू, रशिया, झिम्बाब्वे. २०१० मध्ये निकाल आला : जिथं असे पुढारी तयार केले आणि जिथं नाही, दोन्हीकडं धोक्याचं वर्तन सारखंच कमी झालं. तुलनेच्या वस्त्यांतही तपासणी, माहिती, निरोध हे सगळं मिळत होतंच.

पण तुमचा मुकादम त्याहून वेगळा. त्याचा शब्द चालतो तो आदरापोटी नाही, उचलीपोटी.

---

पिंपळपार, मंगळवार, रात्री ९:२६

कोयता_टोळी यांच्याशी सहमत, आणि एक आकडा. २००३ मध्ये कोलकात्याच्या वस्तीतल्या बायकांवरचा अर्थशास्त्रज्ञांचा निबंध आला. निरोधचा आग्रह धरणाऱ्या बाईचं एका गिऱ्हाइकामागचं उत्पन्न ६६ ते ७९ टक्क्यांनी घटतं, असा त्यांचा हिशोब. आता तिला 'आत्मविश्वास' शिकवा! तिला गणित येतं म्हणूनच ती नाही म्हणते.

थायलंडनं हे ओळखलं. १९८९ मध्ये रत्चबुरी प्रांतात आणि १९९१ पासून देशभर नियमच केला : निरोध नाही तर संबंध नाही, सगळ्या कोठ्यांवर एकदम. गिऱ्हाइकाला दुसरं दार उरलंच नाही. त्यात पोलिसी जबरदस्ती होती अशी टीका आहे आणि ती रास्त आहे. पण कोलकात्याच्या सोनागाचीत जबरदस्तीविना तेच साधायचा प्रयत्न झाला. डॉ. स्मरजित जाना तिथं १९९२ मध्ये गेले ते कामगारांच्या आरोग्याचे अभ्यासक म्हणून. धंद्याला काम समजा, बाईला कामगार समजा, मग निरोध म्हणजे खाणीतलं हेल्मेट. एकटीनं नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं. गल्लीनं नाही म्हटलं तर ते जाणार कुठं?

---

जुना_फिल्डवाला, मंगळवार, रात्री १०:१०

आणि सोनागाचीपर्यंत जायची गरज नाही. आपल्या शेजारी सांगलीत 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून आहे, धंद्यातल्या बायकांची स्वतःची संघटना 'व्हॅम्प' १९९६ पासून. तिथं निरोध वाटणारी बाई पगारी पाहुणी नव्हती, त्याच गल्लीतली होती.

---

सातवी_गल्ली, बुधवार, दुपारी १:०३

नमस्कार. मी पिअर हाय. ताईंच्या वर्गात मी पण होतो. लेकीनं धागा वाचून दाखवला, बोलून टायपिंग करतोय, चुका आसतील.

मिशेरीचं चांगलं झालं. पण एक सांगतो, राग मानू नका. आमची वाक्यं फळ्यावर लिहिली आन त्याला गोल करून इंग्रजी नाव दिलं. आमाला बरं वाटलं. मग वाटलं, हे तर आमीच बोललोय, यात नवीन काय शिकलो? घरी जाताना बसमध्ये आमच्यात हीच चर्चा.

नवीन काय पायजे ते सांगतो. गिऱ्हाइकाला मी दारातच सांगतो, पिशवी न्हाई तर पुढच्या दाराला जा. त्याला मला कुणी शिकवायची गरज न्हाई. पण मालक, म्हंजे बाईचा कायमचा माणूस? माझ्या साठ बायकांत निम्म्यांना मालक हाय. त्याच्या नावानं कुंकू लावत्यात, त्याच्यासाठी संकष्टी धरत्यात. त्याला निरोध दाखवला की तो म्हणतो, "म्हंजे मी गिऱ्हाईक हाय व्हय?" झालं. तिथं बाई गप. बाईला सगळं ठाऊक हाय. रोग काय, निरोध काय, दवाखाना कुठं, सगळं. तिला जमत पण. धंद्यात रोज जमतंय की. मालकासंगट तिला नकोच हाय ते. निरोध न्हाई तोच तर तिचा संसार हाय. फळ्यावर हा गोल कुठला? ताईंनी त्या दिवशी घाईत पुढं नेलं.

---

पुणेरी_पगडी, बुधवार, दुपारी १:३०

उत्तम प्रतिसाद. एक बारीक शंका : आपण ताई की दादा? 'होतो', 'सांगतो' असं लिहिलंय.

---

शिवाजीपेठी, बुधवार, दुपारी १:३४

आमच्याकडं बायका 'येतो, जातो, जेवतो'च म्हणतात. पगडी काढून या एकदा.

---

तिकटीवरची (धागाकर्ती), बुधवार, रात्री ११:२०

सातवी_गल्ली ताई, राग कसला. बरोबर पकडलंत. त्या दिवशी तुम्ही 'मालक' म्हणालात आणि मी घड्याळाकडे बघून 'हो, तोही अडथळाच' म्हणत पुढे सरकले. खरं कारण सांगते : माझ्याकडे त्याला गोल नव्हता. 'अडथळा' म्हटलं की तो बाजूला सारायची गोष्ट होते. तुम्ही सांगताय ते बाईनं जपलेलं आहे. निरोध नसणं हीच तिच्यासाठी खूण, की हा माणूस वेगळा आणि याच्यासोबत मीही वेगळी. आजारपणाचं वजन एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात बायको असणं. मास्तरांचं 'एका डोक्याचा नकाशा' हे वाक्य मला इथं नीट समजलं.

आणि हे फक्त तुमच्या गल्लीतलं नाही. लग्न झालेल्या किती बायका नवऱ्याला निरोध वापर म्हणू शकतात? मी स्वतः? असो.

बसमधल्या चर्चेबद्दल. नुसती नावं देऊन उपयोग नाही हे मान्य. नाव दिल्यावर पुढची चाल बदलली तरच ते नाव कामाचं. म्हणून आता अशी रचना डोक्यात आहे : बाईचं एक वाक्य घ्यायचं आणि ठरवायचं, ती कुठं अडकलीय. 'मला नाही होणार' असेल तर तिच्याच ओळखीतल्या बाईचा अनुभव ऐकवायचा, पोस्टर नाही. 'बोभाटा होईल' असेल तर केसपेपर यांचे पाच प्रश्न आणि कायदा. 'घरवाली चिडेल' असेल तर त्या बाईला सोडून घरवालीकडे जायचं. 'जादा पैसे देतोय' असेल तर एकटीला काही सांगायचं नाही, गल्लीची बैठक लावायची. आणि 'उसात जावं लागतं' असेल तर रजिस्टरमध्ये लाल शाईनं लिहायचं की हे तिच्या हातातलं नाही, आणि तो कागद वर पाठवायचा. जुना_फिल्डवाला, वरचे लोक तो वाचतील का हे मला सांगता येत नाही. पण इचलकरंजीच्या बॅचला दोन प्रोजेक्ट मॅनेजर बसणार आहेत, तेही मागे खुर्च्या टाकून नाही, गटात. एवढं मी पत्रव्यवहार करून मिळवलंय.

आणखी एक सवय मोडायची आहे, माझीसुद्धा. समोरच्यानं अडचण सांगितली रे सांगितली की आपल्याला सुधरवण्याची खाज सुटते. मिलर यांनी १९८३ मध्ये दारू सोडवण्याच्या कामातून जी बोलण्याची पद्धत मांडली तिचा गाभाच हा, की सल्ला गिळायचा. आपण 'सोड' म्हटलं की समोरचा 'का सोडू नये' याची कारणं देतो, आणि देता देता त्याला ती आणखी पटत जातात. मिशेरीच्या तासाला हे जोड्या करून बघणार आहे : एकीनं फक्त विचारायचं, पाच मिनिटं, एकही सल्ला नाही. मला वाटतं, दोन मिनिटांत सगळ्या फुटतील.

मालकाचं उत्तर माझ्याकडे नाही. दोघांनी मिळून तपासणी, हा एक रस्ता केसपेपर यांच्याशी बोलून बघितला. निरोधचा विषय नंतर, आधी 'आपण दोघं निरोगी राहू'. त्यात 'तू गिऱ्हाईक' हा अर्थ येत नाही. पण चालेल की नाही ते तुम्हीच सांगणार. तुम्ही इचलकरंजीला याल का? शिकायला नाही. तो तास तुम्ही घ्यायचा, मानधनासकट.

---

केसपेपर, गुरुवार, सकाळी ८:५०

दोघं मिळून तपासणीत एक मेख आहे : एकाचा निकाल पॉझिटिव्ह आला तर तिथल्या तिथं काय करायचं, हे आधी ठरलेलं हवं. मारहाण होऊ शकते. आधी दोघांशी वेगवेगळं बोलून, निकाल एकमेकांसमोर ऐकायचाय का हे विचारून मगच. घाई नको.

---

सातवी_गल्ली, गुरुवार, दुपारी १२:४०

येतो. केसपेपर ताई म्हणत्यात ते बरोबर, आमच्यात एकीचं डोकं फुटलेलं हाय त्याच्यावरनं.

तास घेतो पण नाटक करून घेतो. मास्तरांच्या सापासारखं. बाईचं काम आमी करू. पण मालकाचं काम बायकांनी केलं की नुसत्या हसत्यात. तिथं बाप्या माणूस पायजे, खरा, मिशा आसलेला, आन चिडता येणारा.

---

जुना_फिल्डवाला, गुरुवार, दुपारी १:१५

मिशा आहेत. चिडायची सवय आढावा बैठकांतून झालीय. तारीख कळवा, भुईमुगाची काढणी बघून येतो.

---

शिवाजीपेठी, गुरुवार, दुपारी १:१७

मी पण येऊ का? चिडायला नाही, मिशेरीच्या तासाला.